बिनकडीचं दार

२ डिसेंबर, सोमवार. कंदिलांच्या काचा धुवायला काढल्या आहेत. काल नाताळाआधीचा, आगमनाचा पहिला रविवार झाला, आणि आमच्या वसतिगृहात त्याच्या दुसऱ्या दिवशी काचा निघतात, ही मास्तरांच्या वेळेपासूनची रीत. चुलीतली राख, जुनं फडकं, कोमट पाणी. एक काच तडकलेली आहे, तिला मी सगळ्यात शेवटी हात लावते.

काचा पुसत असताना शाळेच्या नव्या बाई स्वयंपाकघरात आल्या. पुण्याकडच्या आहेत, पोरगेल्या आहेत, कामाला चांगल्या आहेत. त्यांच्या मागोमाग एक शेळीही आत आली आणि तिने भाजीच्या टोपलीत तोंड घातलं. मी शेळीला फडकं मारलं.

"या दाराला कडी का नाही?" बाईंनी विचारलं.

"मास्तरांनी बसवू दिली नाही."

"कोण मास्तर?"

"तुमच्या खुर्चीवर आधी बसायचे ते. बसायचे म्हणजे, फारसे बसायचे नाहीत."

"उद्या सुतार येणार आहे बाकं दुरुस्त करायला. त्याला सांगते, कडी बसव म्हणून."

मी बरं म्हटलं. शेळ्यांचा त्रास मलाच आहे, त्यांना नाही. पण बाई गेल्यावर काच हातात धरून जरा वेळ दाराकडे बघत राहिले. हात ओले असताना लिहिता येत नाही, म्हणून काचा सगळ्या पुसून, उन्हात मांडून, मग लिहायला बसले आहे.

मास्तर घाटावरचे. मीही तिकडचीच. नवरा वारल्यावर स्वयंपाकाला म्हणून मी जव्हारला आले, तेव्हा ते इथे जुने झाले होते. डोंगरातली पोरं वसतिगृहात राहायची, मास्तर त्यांना शिकवायचे, रविवारी उपासना चालवायचे. उंच, वाळके, एकच काळा कोट. त्या कोटाचं बटण तुटलं तर जेवण अर्धं टाकून आधी बटण लावायचे. पहिल्याच दिवशी मी नाचणीचं पीठ मळत होते, तर हे दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आता आला तर?"

"कोण?"

"धनी."

मला वाटलं मिशनचे कोणी साहेब येणार आहेत. धनी म्हणजे परत येणारा प्रभू, हे कळल्यावर मी म्हटलं, "आला तर भाकरी खाईल. दुसरं काय आहे घरात?"

मास्तर खूश झाले. दहा पाळकांना विचारलं तर दहाही गुडघे टेकतो म्हणाले, भाकरीचं कोणी बोललं नाही, असं त्यांनी त्या आठवड्यात जव्हारभर सांगितलं. तेव्हापासून रोज एकदा तरी तो प्रश्न यायचा. मी चूल फुंकत असले, तांदूळ निवडत असले, कोणाच्या डोक्यातल्या उवा काढत असले, "बाई, आता आला तर?" एकदा मी चिडून म्हटलं, "आला तर त्याला म्हणावं पाय धुऊन आत ये, आत्ताच सारवलंय." तेही त्यांना आवडलं. त्या माणसाला राग आणणं फार कठीण होतं.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे उठून उभं राहणं. अंगणात पाऊल वाजलं की मास्तर उठलेच. कोण आहे ते बघून उठणं वेगळं. हे आधी उठायचे, मग बघायचे. टपालवाला, भाजीवाली, दरबारचा शिपाई, हरवलेलं म्हातारं, सगळ्यांना उभं राहून सामोरं जायचे. मी म्हणायची, "मास्तर, गुडघे दुखतात ना? बघून तरी उठा."

"बघून उठलो तर उशीर होईल हो."

मांजरासाठीसुद्धा उठायचे. मांजर ओशाळून परत जायचं.

आणि ते दार. ओटीकडून स्वयंपाकघरात उघडणारं हे दार नुसतं लोटलेलं असायचं, कडीचं तर नावच नको. म्हणायचे, "आपल्यात जाणारा माणूस कधी 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. धनीही 'येतो' म्हणून गेला आहे. 'येतो' म्हणून गेलेल्या माणसाच्या तोंडावर कडी लावायची?" याचं उत्तर शेळ्यांकडे होतं. त्या रोज आत यायच्या. मास्तर म्हणायचे, "शेवटी धनी मेंढरं एकीकडे करील आणि शेरडं दुसरीकडे." मी म्हणायची, "तो करील तेव्हा करील, तोवर तुम्ही करा, माझी मेथी खाल्ली."

वर्गात ते मधूनच बाहेर जायचे आणि पाऊल न वाजवता परत यायचे. पोरांनी अर्थातच गोंधळ मांडलेला असायचा. पण पोरंही डोंगरातली, हुशार. त्यांनी एकाला दाराशी बसवायला सुरुवात केली. मास्तर दिसले की तो खोकायचा आणि सगळे पाटीत डोकं घालायचे. मास्तरांनी ते एक दिवस ओळखलं. मला वाटलं आता छडी निघणार. छडी नाहीच, त्यांनी खोकणाऱ्याला पुढे बोलावून पाठ थोपटली. "या वर्गात जागं राहणं फक्त याला समजलंय," म्हणाले. मग बाकीच्यांना गोंधळाबद्दल गणितं घातली, ती वेगळी.

दसऱ्याला दरबारची स्वारी निघायची. त्याआधी रस्ता झाडायचे, पाणी मारायचे, तोरणं लावायचे. मास्तर ते झाडणं उभे राहून बघायचे. "या लोकांचं बरं आहे," म्हणायचे, "यांना दिवस माहीत आहे. आपल्याला रोज झाडावं लागतं." आणि खरंच रोज सकाळी अंगण स्वतः झाडायचे. वाईट झाडायचे. मी मागून पुन्हा झाडायची.

हे सगळं सांगितलं कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

विलायतेकडे मोठी लढाई पेटली त्या वर्षी, भात पिवळं पडायच्या सुमाराला, मुंबईकडून एक उपदेशक आले. छत्री, पांढरा सदरा, खणखणीत आवाज. त्यांनी म्हणे शास्त्रातल्या आकड्यांवरून हिशेब काढला होता. लढाई ही खूण, आणि धनी येणार तो दिवस ठरलेला, आता थोडेच दिवस उरले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"वार कोणता पडतो?" त्यांनी विचारलं.

"शनिवार."

"शनिवारी मी कोट धुतो," मास्तर म्हणाले.

पाहुण्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी ते खालच्या पाड्यांवर उपदेश करायला निघाले. जाण्याआधी त्यांनी चांभाराकडून जोड्यांना नवे तळ लावून घेतले, हे मी पाहिलं होतं. शनिवारी जग संपणार आणि या गृहस्थांचे जोडे पुढचे दोन पावसाळे टिकणार होते. मी तोंड मिटून त्यांना वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या.

पुढच्या आठवड्यात बुधवारी बाजारात कळलं की खालच्या साखरशेत पाड्यावरच्या काकड्याने भात कापायचं सोडलंय. काकड्या आमच्या मंडळीतला. बाप्तिस्म्यात त्याचं नाव याकोब झालं होतं, पण त्याची बायको मंगळी धरून कोणीही त्याला त्या नावाने हाक मारत नसे. वसतिगृहाचे तांदूळ आम्ही त्याच्याकडून घ्यायचो, तेव्हा बातमी माझ्याही कामाची होती. शिवाय भात पिकून वर काही दिवस उभं राहिलं की दाणा गळतो, पाखरं बसतात. काकड्याकडे भाताचं तेवढं एकच शेत. ते गेलं तर त्या घराने पावसाळ्यात कंद उकडून खायचे.

गुरुवारी सकाळी मास्तर आणि मी निघालो. वाट उताराची आहे, ऊन चढायच्या आत पोचलो. भात वाकून जमिनीला टेकलेलं, पोपटांचे थवे त्यात उतरलेले, आणि राखणीचा माळा रिकामा. चार खांबांवरचा तो माळा काकड्याच्या बापाने बांधलेला. दिवसा गोफण घेऊन आणि रात्री आगटी पेटवून त्या घरातलं कोणी ना कोणी त्यावर असायचंच. मास्तरही कधीमधी तिथे जाऊन बसायचे आणि परत येऊन पोरांना सांगायचे, "राखणारा माणूस बघा. गातो, खातो, विडी ओढतो, गप्पा मारतो. पण कान शेताकडे. वाट बघायची ती अशी. डोळे आभाळाला लावून चालणारा खड्ड्यात पडतो."

काकड्या घराच्या ओट्यावर धुतलेलं धोतर नेसून बसला होता. बैल त्याने मोकळे सोडले होते. मंगळी भिंतीला टेकून उभी होती, चेहरा सुकलेला. शेजारपाजारचे चारदोन लोक कुंपणाबाहेरून मजा बघत होते. ते आमच्या मंडळीतले नव्हेत.

"काकड्या, माळ्यावर कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कोन नाय."

"मग मी आहे," असं म्हणून मास्तर तसेच शेतात गेले आणि कोट सांभाळत माळ्यावर चढले. वर गोफण पडलेली होती. त्यांनी तीत दगड घातला, डोक्याभोवती गरगर फिरवली आणि सोडली. दगड मागे गेला आणि मंगळीच्या पाण्याच्या मडक्यावर बसला. मडकं फुटलं. पोपट एकही उडाला नाही.

कुंपणाबाहेरचे हसून हसून खाली बसले. मंगळीही हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "पाखरां रव्हू दे, मास्तर," ती ओरडली, "आखी मडकी फोडशील!"

या लोकांत सगळ्यांना अरे-तुरेच करतात, राजालासुद्धा. मास्तरांना ते आवडायचं.

काकड्या मात्र हसला नाही. तो उठून माळ्याखाली आला. "मास्तर, तूच रोज सांगं, येनार येनार. आता येतंय तं तूच आडवा पडं. तुना इस्वास नाय का?"

मास्तर माळ्यावरून पाय खाली सोडून बसले.

"काकड्या, तुझ्या जन्माआधीपासून मी वाट बघतोय. मला जर कोणी दिवस सांगितला असता ना, तर आदल्या दिवसापर्यंत मी झोपून काढलं असतं."

"त्या बाबानं आकडं काढलं."

"रानडुक्कर शेतात यायच्या आधी तुला चिठ्ठी पाठवतं का?"

"नाय."

"मग माळ्यावर का बसतोस?"

"चिठ्ठी नाय येत म्हनून तं बसाचा." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो भडकला. "धन्याची आन् डुकराची बरोबरी करं काय?"

"त्याने स्वतः चोराची केली आहे, चोरासारखा येईन म्हणाला. माझं डुक्कर त्याहून काय वाईट?"

कुंपणाबाहेरून एकजण म्हणाला, "डुक्कर वाईटच. चोर भात खाऊन माती नाय उकरत."

मला वाटलं आता काकड्या वळेल. पण नाही. तो पुन्हा ओट्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "शनवारी येल. मंग भात कोनाला? कापून करू काय?"

मास्तर माळ्यावर बसून राहिले. पोपट खात होते. मी मनात वसतिगृहाच्या तांदळाची दुसरी सोय लावायला लागले होते.

तेव्हा मंगळी बोलली. भिंतीला टेकूनच, नवऱ्याकडे न बघता.

"शनवारी पाहुना येल."

"येल."

"आपल्या घरा येल?"

"येल."

"मंग वाढू काय त्याला? जुना भात सरला. नवा शेतात हाय. नवं केल्याबिगर कोनाला वाढाचा नाय. तुझ्या बापानं कधी वाढला?"

इथे एक सांगायला हवं. या डोंगरात नवं भात कापून घरात आलं की लगेच कोणी खात नाही. पहिला तांदूळ शिजवून आधी देवापुढे, मग घरातल्या मोठ्यापुढे ठेवतात. त्याला नवं करणं म्हणतात. ते झाल्याशिवाय घरच्यांनी खायचं नाही आणि पाहुण्याला तर वाढायचंच नाही, तो पाहुण्याचा अपमान. काकड्याने देव बदलला होता, पण ही रीत सोडली नव्हती, आणि मास्तरांनीही कधी सोड म्हटलं नव्हतं.

काकड्याने बायकोकडे बघितलं. मग शेताकडे. मग घरात गेला. बाहेर आला तेव्हा धुतलेलं धोतर उतरवून लंगोटी नेसलेला होता आणि हातात विळा होता.

"माळ्यावरनं उतर, मास्तर," तो म्हणाला. "पाखरां तुना ऐकं नाय."

नंतर काय, कामच काम. एकमेकांच्या शेतात बदल्यात राबायची रीत इथे आहेच. कुंपणाबाहेर हसणारे ते चारजण विळे घेऊन आत आले, आणि हसणं चालूच ठेवलं. पाड्यावरच्या आणखी बाया आल्या. मास्तरांनीही विळा घेतला आणि स्वतःच्या कोटाची बाही कापली. मी तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि त्यांना पेंढ्या वाहायला लावलं. दिवस मावळायच्या आत निम्म्याहून जास्त शेत कापून झालं. दाणा गळाला होता, पण घर तरेल इतकं हाती लागलं. आम्ही जव्हारला परतलो तेव्हा मास्तर वाटभर गुणगुणत होते आणि माझी कंबर मोडली होती.

शनिवार उजाडला. मास्तरांनी अंगण झाडलं, मी पुन्हा झाडलं. त्यांनी कोट धुतला. बाहीला मी शुक्रवारी टाके घातले होते. कोट दोरीवर, मास्तर बंडीत. पोरं सकाळपासून दाराशी आळीपाळीने जागता पहारा देत होती, त्यातली निम्मी भीतीने आणि निम्मी गमतीने. मी नेहमीसारखा स्वयंपाक लावला. खोटं कशाला सांगू, भाकऱ्या जरा जास्त थापल्या.

"मास्तर, आज आला तर? बंडीवर भेटणार?"

"म्हणेल, धुतो तरी आहे."

दुपार कलल्यावर ओटीवर पावलं वाजली. जड, अनवाणी. मास्तर उठले. त्या दिवशी मीही उठले, हातात पळी होती. दार ढकललं गेलं आणि काकड्या आत आला. डोक्यावर मोठी टोपली, दोन्ही हात टोपलीला, दार त्याने कोपराने लोटलं होतं. मागे मंगळी, तिच्या कमरेवर नवं मडकं.

टोपलीत कांडलेले नवे तांदूळ होते. शुक्रवारी झोडून, शनिवारी पहाटे उखळात कांडून दोघं चालत आली होती.

"नवं करू," काकड्या म्हणाला. "तू मोठा. पयला तुझ्यापुढं."

"घरी नाही केलंस?" मास्तर म्हणाले. "आज पाहुणा यायचा होता ना तुझ्याकडे?"

"आम्ही इचार केला," मंगळीने सांगितलं. "धनी आला तं पयला तुझ्याकडंच येल. तुझा दार उघडा. मंग इथंच वाढू."

मास्तर हसले नाहीत. ते तसेच उभे होते, बंडीत, उघड्या दारासमोर, आणि काकड्याच्या डोक्यावरची टोपली उतरवायला त्यांनी हात पुढे केले होते.

मी तांदूळ शिजवले. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पाणी कमी घालावं लागतं. मास्तरांनी प्रार्थना केली, छोटी केली, पोरं भुकेली होती. सगळे जेवले. जास्तीच्या भाकऱ्याही संपल्या. काकड्या दोनदा उठून दाराशी जाऊन वाटेकडे बघून आला आणि दोन्ही वेळा परत येऊन आणखी भात घेतला. उजेड असताना दोघं परत निघाली. काकड्याने जाताना विचारलं, "मास्तर, आता बैल धरून आनू का?" मास्तर म्हणाले, "आण, आणि माळा उतरवू नकोस. नाचणी अजून उभी आहे."

भांडी घासताना मी म्हटलं, "झालं. शनिवार गेला. कोणी आलं नाही."

मास्तर दोरीवरचा कोट काढत होते. "बाई," ते म्हणाले, "भाकरीचं तुम्हाला कळतं. माणसं मोजायला तुम्ही कच्च्या."

उपदेशक महाराज पुन्हा दिसले नाहीत. जोडे चांगले होते, लांब गेले असतील.

त्यानंतर बरीच वर्षं मास्तर तसेच उठत राहिले. शेवटी गुडघे अगदी गेले, तेव्हा मला हाक मारायचे आणि मी आधार देऊन उठवायची, तोवर येणारा आत येऊन बसलेलाही असायचा. गेले ते एका साध्या कामाच्या दिवशी, सकाळी, खुर्चीत. मी भाजी चिरत होते. ओटीवर काही वाजलं, आणि मास्तर माझ्या आधाराशिवाय अर्धे उठले. मी दाराकडे बघितलं. मांजर होतं. परत वळून बघते तर मास्तर संपले होते. लोक यावरून काहीबाही सांगतात. मांजरासाठी ते नेहमीच उठायचे, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. चेहरा मात्र मांजर बघितल्याचा नव्हता, एवढं मी सांगू शकते.

दफनाला साखरशेतहून काकड्या टोपली घेऊन आला. दफनाहून परतताना वाटेवर आमच्या पाळकांनी मास्तरांच्या जाण्याबद्दल दोन शब्द काढले, तर काकड्या मध्येच म्हणाला, "गेला कुठं? येतो म्हनून गेलाय." आणि टोपली उचलून घरी गेला. भात कापायचं होतं.

हे सगळं काल लिहिलं.

आज सकाळी सुतार आला. अंगणात पाऊल वाजलं तशी मी उठले, हातातली चाळण खाली ठेवून. त्याने लोखंडी कडी आणली होती, आतून लावायची. ती मी त्याला परत पिशवीत घालायला लावली. नव्या बाईही तिथे होत्या. त्यांना म्हटलं, शेळ्या आत यायच्या नाहीत याची जबाबदारी माझी. मग सुताराकडून दाराला लाकडाची फिरती खिटी करून घेतली, बाहेरच्या बाजूने, आतून काहीही नाही. किती उंचीवर लावू, त्याने विचारलं. मी तांदळाची भरलेली टोपली डोक्यावर घेतली, दोन्ही हात टोपलीला लावले, ओटीवर जाऊन दारासमोर उभी राहिले आणि कोपर जिथे पोचलं तिथे त्याला खूण करायला सांगितली. खिटी बसल्यावर पुन्हा टोपली घेऊन बाहेर गेले. कोपराने खिटीला एक धक्का दिला, ती फिरली. दार उघडलं. मग काचा कंदिलांना चढवल्या.